पर्यटक व्हिसा नाकारल्यानंतरचा दुसरा अर्ज : तो कधी करावा, त्यात काय बदलावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेंगेन क्षेत्रातील (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) एका देशाच्या दूतावासाने तीन आठवड्यांपूर्वी पर्यटक व्हिसा नाकारला. नकारपत्रावर दोन कारणांपुढे खुणा आहेत : प्रवासाचा उद्देश आणि मुक्कामाचे तपशील यांविषयी दिलेली माहिती विश्वसनीय वाटली नाही, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल रास्त शंका आहे. अर्जदाराची सध्याची नोकरी सात महिन्यांची आहे, पाच देशांचा २४ दिवसांचा कार्यक्रम आखलेला होता, आणि अर्जाच्या दहा दिवस आधी भावाने त्यांच्या खात्यात मोठी रक्कम जमा केली होती. एजंटचा सल्ला असा, की खात्यात आणखी पैसे दाखवून लगेच दुसऱ्या शेंगेन देशाकडे अर्ज करावा आणि आधीच्या नकाराचा उल्लेख टाळावा. लगेच अर्ज करावा का, दुसऱ्या देशाकडे करावा का आणि नकार सांगावा का, हे तीन मुद्दे त्यांना समजून घ्यायचे आहेत.

पर्यटक व्हिसाचे अर्ज तयार करून देण्याचे आणि नाकारलेले अर्ज पुन्हा उभे करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो : दुसरा अर्ज हा कोऱ्या पाटीवरचा अर्ज नसतो. अधिकाऱ्यासमोर पहिला अर्ज, त्यावरचे शेरे आणि नकाराचे कारण हे सगळे असते, आणि नव्या अर्जाकडे तो एकाच प्रश्नाने पाहतो : तेव्हा जी शंका होती, तिचे उत्तर या वेळी मिळाले आहे का? हे उत्तर अर्जात नसेल, तर कागदांची चळत कितीही जाड असली तरी निर्णय बदलण्याचे कारण त्याच्यापाशी नसते. एजंटच्या सल्ल्यातील तिन्ही गोष्टी मला चुकीच्या वाटतात त्या याच कारणाने, कारण त्यांपैकी एकही गोष्ट मूळ शंकेला हात घालत नाही.

दुसऱ्या शेंगेन देशाकडे जाण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. शेंगेन क्षेत्रातील देश आज २९ आहेत, परंतु त्यांची व्हिसा माहिती प्रणाली एकच आहे. एका देशाने व्हिसा नाकारला की त्याची नोंद, कारणासह, बाकीच्या देशांना दिसते आणि ती पाच वर्षांपर्यंत राहू शकते. बोटांचे ठसेही त्याच प्रणालीत असल्यामुळे पासपोर्ट नवा काढल्याने काही साधत नाही. शिवाय अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे अर्जदाराच्या सोयीवर सोडलेले नाही. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे किंवा जो प्रवासाचा मुख्य उद्देश आहे त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि मुक्काम समसमान असेल तर ज्या देशाच्या सीमेतून प्रथम प्रवेश होणार असेल त्याच्याकडे. केवळ व्हिसा सहज मिळतो अशी ख्याती ऐकून एखाद्या देशातील मुक्काम कागदोपत्री वाढवला, तर तो कार्यक्रम बनावट ठरतो. आणि व्हिसा मिळाल्यावरही, तो दिला गेला तेव्हाच त्याच्या अटी पूर्ण होत नव्हत्या असे उघड झाले तर तो रद्दबातल करता येतो. आपल्या नकारपत्रावर माहितीच्या विश्वसनीयतेचीच खूण आहे. अशा वेळी मुख्य देश अचानक बदलणे म्हणजे त्या शंकेला स्वतःहून दुजोरा देणे होय. प्रवासाचा बेत खरोखरच बदलला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो का बदलला हेही लिहावे लागेल.

याच नियमांत अर्जदाराच्या बाजूची एक महत्त्वाची तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. २००९ च्या युरोपीय व्हिसा संहितेच्या कलम २१ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे, की पूर्वी व्हिसा नाकारला गेला या कारणाने नवा अर्ज आपोआप नाकारता येणार नाही आणि उपलब्ध असलेल्या सर्व माहितीच्या आधारे त्याचे मूल्यमापन व्हावे. नकार हा कायमचा डाग आहे अशी जी भीती असते तिला या संहितेत आधार नाही. मात्र ‘सर्व माहिती’ या शब्दांचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा : पहिला अर्ज हाही त्या माहितीचा भाग आहे.

आता नकार सांगण्याविषयी. येथे प्रत्येक देशाचा अर्ज काय विचारतो ते शब्दशः वाचणे आवश्यक आहे, कारण प्रश्न सारखे नसतात. अमेरिकेचा डीएस-१६० हा अर्ज अमेरिकेचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला आहे का असे विचारतो. ब्रिटन आणि कॅनडा मात्र इतर कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, हेही विचारतात, आणि आपला शेंगेन नकार तिथे सांगावाच लागतो. शेंगेनच्या समान अर्जात नकाराविषयी वेगळा रकाना नाही, पण पूर्वी बोटांचे ठसे घेतले होते का हा प्रश्न आहे, आणि नोंद तर प्रणालीत आहेच. म्हणून तिथेही सोबतच्या पत्रात नकाराचा उल्लेख स्वतःहून करावा असे माझे ठाम मत आहे. त्याने अधिकाऱ्याला नवीन असे काही कळत नाही, परंतु त्या नकाराला उत्तर देण्याची जागा अर्जदाराला मिळते.

लपवण्याचा परिणाम मूळ नकारापेक्षा कितीतरी अधिक गंभीर असतो, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. परत जाण्याचा हेतू पटला नाही म्हणून मिळालेला नकार पुढच्या अर्जात भरून काढता येतो. खोटी माहिती दिल्याचा निष्कर्ष तसा भरून निघत नाही. कॅनडात अशा दिशाभुलीसाठी पाच वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये ती दहा वर्षांपर्यंत जाते, ऑस्ट्रेलियात खोटे कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास सर्वसाधारणपणे तीन वर्षे, आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून केलेली दिशाभूल ही कायमची अपात्रता ठरते, जिच्यातून केवळ विशेष सवलत मागूनच वाट निघू शकते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश स्थलांतरविषयक माहितीची आपसांत देवाणघेवाण करतात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचा पहिला नकार अगदी किरकोळ होता, एक कागद अपुरा होता इतकाच. तो त्यांनी दुसऱ्या देशाच्या अर्जात सांगितला नाही, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे त्या एका ‘नाही’चा खुलासा करण्यात गेली.

नकारपत्र नीट वाचण्यावर मी सर्वांत अधिक वेळ देतो, कारण निरनिराळ्या देशांत ‘नकार’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. अमेरिकेच्या कायद्यातील २२१(जी) या कलमाखालची चिठ्ठी बहुतेक वेळा एवढेच सांगते, की कागद अपुरे आहेत किंवा पुढील तपासणी बाकी आहे. मागितलेला कागद एका वर्षाच्या आत दिला तर नवे शुल्कही भरावे लागत नाही. अशा चिठ्ठीला घाबरून नवा अर्ज भरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे पैसे निष्कारण गेले. उलट २१४(बी) या कलमाखालचा नकार हा त्या अर्जापुरता अंतिम असतो. तिथे अपील नाही, थांबण्याचा ठरावीक काळही नाही, नवा अर्ज आणि नवे शुल्क भरून पुन्हा मुलाखतीला जाता येते; पण कायद्याचे गृहीतकच असे आहे, की उलट सिद्ध होईपर्यंत अर्जदार कायमचा राहायला येत आहे असे मानावे, आणि ते गृहीतक दूर करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. ब्रिटनचे नकारपत्र अर्जदाराच्या परिस्थितीचा उल्लेख करून परिच्छेदांत लिहिलेले असते. त्यातील प्रत्येक वाक्य वेगळे काढून त्यापुढे आपले उत्तर आणि पुरावा लिहावा, इतके ते उपयुक्त असते. शेंगेनचे पत्र हे ठरावीक नमुन्यातले असते, कारणांपुढे खुणा केलेल्या असतात आणि स्पष्टीकरण अनेकदा तोकडे असते. त्यामुळे खूण कशामुळे झाली हे अर्जदाराला स्वतःच्या कागदांवरून शोधावे लागते.

आपल्या बाबतीत तो शोध मला फारसा अवघड वाटत नाही. सात महिन्यांची नोकरी आणि २४ दिवसांची रजा ही जोडीच आधी डोळ्यांत भरते. नवीन कर्मचाऱ्याला इतकी रजा मिळते का, ती भरपगारी आहे का, परत रुजू होण्याची तारीख कोणती, हे कार्यालयाच्या पत्रात लिहिलेले नसेल तर अधिकारी ते स्वतःहून गृहीत धरणार नाही. त्यात पाच देश, म्हणजे दर चार-पाच दिवसांनी मुक्काम हलणार. प्रत्येक मुक्कामाचे आरक्षण, एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याची सोय आणि त्यांचा मेळ हे सगळे जुळले नाही तर कार्यक्रम इंटरनेटवरून उचलल्यासारखा दिसतो. आणि तिसरे म्हणजे भावाची ती रक्कम. प्रवासाचा खर्च आपल्या वार्षिक उत्पन्नाच्या किती पटीत आहे हे अधिकारी मनातल्या मनात मोजतोच, आणि जो खर्च पगारातून निघत नाही तो अर्जाच्या दहा दिवस आधी आलेल्या रकमेतून निघणार असे दिसले, की ही रक्कम केवळ दाखवण्यासाठी आणली आहे असा अर्थ निघतो.

एजंटचा ‘आणखी पैसे दाखवा’ हा सल्ला म्हणूनच मला सर्वांत घातक वाटतो. नकारपत्रावर निर्वाहाच्या साधनांच्या कमतरतेपुढे खूण नाही, मग ज्याची शंकाच घेतलेली नाही त्याचा पुरावा वाढवून काय मिळणार? खात्यातील शिल्लक हा एका दिवसाचा आकडा असतो, तर खात्याचा उतारा माणसाचे रोजचे जगणे दाखवतो : पगार कोणत्या तारखेला येतो, घरभाडे किंवा हप्ता कधी जातो, महिनाअखेरीस काय उरते. ते जगणे आणि प्रवासाचा बेत एकमेकांना शोभतात का, हे पाहिले जाते. भावाने खरोखर मदत केली असेल तर ती लपवू नये. त्याचे सही केलेले पत्र, त्याच्या खात्याचा उतारा, नात्याचा पुरावा आणि रक्कम परत करायची आहे की भेट आहे हे जोडावे. ठेवीची मुदत पूर्ण झाली, वाहन विकले, थकबाकी मिळाली, अशा कोणत्याही मोठ्या जमेमागे जो कागद असेल तो त्या नोंदीशेजारी लावावा. एका दांपत्याच्या दुसऱ्या अर्जात आम्ही शिल्लक वाढवली नव्हती, उलट मधल्या काळात ती थोडी घटली होती. फक्त सहा महिन्यांतील तीन मोठ्या नोंदींचा उगम कागदानिशी दाखवला, आणि व्हिसा मिळाला.

परत जाण्याचा हेतू हा मनातला विषय आहे, तो थेट सिद्ध करता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्या पुराव्यांविषयी इतके गैरसमज आहेत. घर किंवा जमिनीची कागदपत्रे लोक फार भरवशाने जोडतात. ती जोडावीत, पण घर कुलूप लावूनही ठेवता येते हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. माझ्या अनुभवात अधिक वजन पडते ते ज्या गोष्टी माणसाच्या हजेरीवाचून अडतात त्यांना : ठरलेल्या तारखेला रुजू व्हायची नोकरी, चालू व्यवसायातील करार आणि करभरणा, शिकणारी मुले, ज्यांची देखभाल आपल्यावर आहे असे आईवडील, पुढच्या सत्राचा भरलेला प्रवेश. यांपैकी जे आपल्या आयुष्यात खरोखर आहे तेवढेच दाखवावे. पूर्वी दोन देशांत जाऊन मुदतीत परत आल्याचे आपण लिहिले आहे. त्या पासपोर्टावरील प्रवेशाच्या आणि निर्गमनाच्या शिक्क्यांची पाने पहिल्या अर्जात जोडली होती का ते पाहा. हा पुरावा हेतूचा नव्हे, वर्तनाचा असतो, आणि त्याला किंमत आहे. केवळ पासपोर्ट भरलेला दिसावा म्हणून घाईने दोन-तीन सहली उरकण्याचा सल्ला मात्र मी देत नाही, कारण त्याने आधीच्या शंकेचे उत्तर मिळत नाही.

त्या देशांत आपले कोणी नातेवाईक राहत असतील तर तेही सांगावे. नातेवाईक असल्यामुळे संशय वाढेल या भीतीने ते वगळले जातात, आणि मग मुलाखतीत किंवा जुन्या अर्जात ते सापडतात.

यातून विसंगतीच्या मुद्द्याकडे येतो. दुसऱ्या अर्जात लोक नकळत अनेक गोष्टी बदलतात : पदाचे नाव थोडे मोठे होते, नोकरी सुरू झाल्याची तारीख सरकते, उत्पन्नाचा आकडा एकदा करापूर्वीचा तर एकदा करानंतरचा लिहिला जातो. प्रत्येक बदल निरुपद्रवी असतो, पण दोन अर्ज शेजारी ठेवले की ते खोटेपणासारखे दिसतात. म्हणून पहिल्या अर्जाची शब्दशः प्रत समोर ठेवूनच दुसरा भरावा. पहिल्या अर्जात खरोखर चूक असेल, एजंटने परस्पर काही भरले असेल, तर ती चूक दाबून न ठेवता ‘आधीच्या अर्जात अमुक माहिती चुकीची दिली गेली होती, बरोबर माहिती ही आहे आणि तिचा पुरावा सोबत आहे’ असे सरळ लिहावे. अर्जावर सही आपली असते, त्यामुळे एजंटची चूकही आपलीच धरली जाते, हे कटू असले तरी खरे आहे. आरक्षणांचेही तसेच : अर्ज दिल्याबरोबर रद्द केलेले हॉटेलचे आरक्षण दूतावासाने चौकशी करून उघडकीस आणल्याचे प्रसंग माझ्यासमोर आले आहेत.

सोबतचे पत्र दीड पानापेक्षा मोठे नसावे. पहिल्याच परिच्छेदात नकाराची तारीख, दूतावास आणि नकाराची कारणे लिहावीत; त्यानंतर प्रत्येक कारणाचे उत्तर आणि त्याला जोडलेल्या कागदाचा क्रमांक. अधिकाऱ्याच्या निर्णयाबद्दल तक्रार, त्या देशाच्या सौंदर्याची स्तुती किंवा विनवणी यांतले काहीही त्यात नको. तयार नमुन्यातील पत्रे दूतावासात शेकड्यांनी येतात आणि ती ओळखता येतात. साध्या भाषेत, पण स्वतः लिहिलेले पत्र त्यांच्यापेक्षा कधीही चांगले.

अपील करावे का, हेही ठरवावे लागेल, कारण त्याची मुदत चालू असते. शेंगेन नियमांनुसार नकाराविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे, पण पद्धत आणि मुदत निर्णय देणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे ठरते आणि ती नकारपत्रावर दिलेली असते. जर्मनीने दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली असून तिथे आता न्यायालयाचाच मार्ग उरला आहे. दिलेला कागद वाचलाच गेला नाही किंवा वस्तुस्थितीची उघड चूक झाली, अशा वेळी अपील योग्य ठरते. जिथे अर्जच कच्चा होता तिथे अपिलात वेळ घालवण्यापेक्षा नवा अर्ज बरा, आणि आपल्या वर्णनावरून आपला अर्ज दुसऱ्या प्रकारात मोडतो.

राहिला ‘लगेच’चा प्रश्न. नियमाप्रमाणे उद्याही अर्ज करता येईल, कारण थांबण्याची सक्ती नाही. पण उद्याच्या अर्जात काय वेगळे असेल? नोकरी तीच सात महिन्यांची, रक्कम तीच, फक्त प्रौढांसाठीचे ९० युरोचे शुल्क पुन्हा जाईल आणि ते परत मिळत नाही. आपल्या जागी मी पाच-सहा महिने थांबेन. तोवर नोकरीला वर्ष होईल, पगाराच्या तेवढ्या नोंदी खात्यात दिसतील आणि भावाच्या त्या जमेनंतर बराच काळ लोटलेला असेल. कार्यक्रम २४ दिवसांवरून दहा-बारा दिवसांवर आणि पाच देशांवरून दोनवर आणेन, जेणेकरून खर्च स्वतःच्या बचतीत बसेल आणि रजा कार्यालयाला सहज देता येईल अशी असेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात आणि अधिक तपासणी झाली तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढते. म्हणून ठरलेल्या तारखेच्या निदान अडीच-तीन महिने आधी अर्ज द्यावा आणि तोवर परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत. ३०,००० युरोचे किमान संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा नव्या तारखांप्रमाणे पुन्हा घ्यावा लागेल. जुन्या विम्याची प्रत जोडण्याची चूक दुसऱ्या अर्जात आश्चर्य वाटावे इतक्या वेळा होते.

या आठवड्यात मात्र एक काम करून घ्या. एजंटने आपल्या नावाने सादर केलेल्या अर्जाची आणि सोबतच्या प्रत्येक कागदाची प्रत लेखी मागून घ्या, त्यातील पदनाम, तारखा, उत्पन्न आणि प्रवासाचे दिवस स्वतः तपासा, आणि ती प्रत हाती येईपर्यंत नव्या अर्जाचा एकही रकाना भरू नका.